उद्या झाकलं जाणार ते आज बघा

सकाळी आठला विरारहून चर्चगेटकडे जाणाऱ्या लोकलमध्ये पाय ठेवायला जागा नसते. त्याच वेळी साइट इंजिनिअर बहुधा उलट्या दिशेच्या, अर्ध्या रिकाम्या गाडीत खिडकीशी बसलेला असतो. त्याच्या दिवसातली चैन तेवढीच. नालासोपाऱ्याला उतरून शेअर रिक्षाने गेटवर पोचतो, तर चार माणसं चार प्रश्न घेऊन उभी. टँकरवाल्याला पावतीवर सही हवी, फिटरला बीमचं ड्रॉइंग हवं, मुकादम सांगतो की आज सहाच बिगारी आलेत, आणि फोनवर आरएमसी प्लांटचा माणूस विचारतो, ‘‘साहेब, गाडी सोडू का?’’ नवा इंजिनिअर इथून जो धावत सुटतो तो संध्याकाळी सहाला थांबतो. दिवसभरात काय केलं असं कुणी विचारलं तर त्याला धड सांगता येत नाही, कारण त्याने इकडचे निरोप तिकडे पोचवलेले असतात.

मीही सुरुवातीची दोन वर्षं असाच पोस्टमन होतो. साइट इंजिनिअरच्या कामांच्या याद्या पुस्तकांत भरपूर मिळतात: आखणी, लेव्हल, माल, मजूर, दर्जा, सुरक्षितता, बिलं. त्या खोट्या नाहीत. पण साइटवर यादी फार तर अकरा वाजेपर्यंत टिकते. एखादी गाडी आली किंवा लाइट गेली की तिचा क्रम मोडतो. मला उपयोगी पडला तो एकच नियम, आणि पुढचं सगळं त्याच्याच आधाराने सांगतो आहे: उद्या जे झाकलं जाणार आहे, ते आज बघायचं.

आपल्या धंद्यात प्रत्येक काम आधीच्या कामाला झाकत जातं. खड्ड्यातली जमीन पीसीसीखाली जाते, सळई काँक्रीटमध्ये जाते, वायरिंगचे पाइप आणि ब्लॉक-कॉलमच्या सांध्यावरची जाळी प्लास्टरमागे जाते, वॉटरप्रूफिंग टाइलखाली जातं, आणि शेवटी रंग सगळ्यांवर फिरतो. जे उघडं आहे ते परवा बघता येईल, दुरुस्तही होईल. झाकलेलं बघायला ब्रेकर लावावा लागतो. तेव्हा गेटवरच्या त्या चार प्रश्नांपैकी आधी फिटरचा घ्यायचा. टँकरची पावती स्टोअरकीपर बघेल, बिगाऱ्यांची वाटणी मुकादम करेल. प्लांटवाल्याला सांगा, दहा मिनिटांत फोन करतो, तोवर गाडी सोडू नका. फिटरने मात्र चुकीची सळई बांधली आणि तुमचं लक्ष दुपारी गेलं, तर संध्याकाळचा स्लॅब त्या चुकीसकट भरला जाईल.

पहिल्या दिवशी मागायचे कागद

वसई-विरारमध्ये काम धरणाऱ्याने एक गोष्ट इतरांपेक्षा आधी करायला हवी. रुजू झाल्या दिवशीच मंजूर नकाशा आणि बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र बघायला मागा. ‘ऑफिसमध्ये आहे’ या उत्तरावर समाधान मानू नका. त्याची एक प्रत साइटवर असायलाच हवी. प्रमाणपत्रावर किती मजल्यांपर्यंत परवानगी आहे ते वाचा, आणि नकाशावरचा सर्व्हे नंबर समोरच्या जमिनीचाच आहे ना, हेही बघा. पुनर्विकासाची साइट असेल तर जुने कागद ग्रामपंचायतीच्या, नगरपालिकेच्या किंवा सिडकोच्या शिक्क्याचे निघतील, कारण महापालिका ३ जुलै २००९ ला झाली. ते आर्किटेक्टकडून नीट समजून घ्या.

हे सांगताना मी उगाच भीती घालत नाही. नालासोपारा पूर्वेला अग्रवाल नगरीतल्या ४१ इमारती न्यायालयाच्या आदेशावरून २०२५ च्या सुरुवातीपर्यंत पाडल्या गेल्या. ती जागा विकास आराखड्यात सांडपाणी प्रक्रिया केंद्रासाठी आणि कचराभूमीसाठी राखीव होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विरार पूर्वेला रमाबाई अपार्टमेंट या अनधिकृत इमारतीचा भाग कोसळून १७ माणसं गेली. अशा इमारतींतही कुणीतरी लेव्हल लावलेली असते, कुणीतरी सळई मोजलेली असते. कागद दाखवायला टाळाटाळ झाली तर दुसरी नोकरी शोधा. हा सल्ला पोटावर पाय देणारा वाटेल, पण माझा हाच आहे.

काम जोत्यापर्यंत आलं की आर्किटेक्टमार्फत महापालिकेला कळवून जोते तपासून घ्यावं लागतं. ते झाल्याशिवाय वरचे कॉलम चढवायची घाई करू नका. हाही झाकण्याचाच प्रकार आहे. जोत्याची आखणी नकाशाबाहेर सरकली असेल तर वरच्या प्रत्येक मजल्यागणिक ती चूक महाग होत जाते.

आदली संध्याकाळ

साइटचा दिवस सकाळी सुरू होतो असं मानणारा इंजिनिअर कायम उशिराच असतो. दिवस सुरू होतो आदल्या संध्याकाळी साडेपाचला. कामं आवरत असताना एक फेरी मारायची आणि एका चिठ्ठीवर तीनच प्रश्नांची उत्तरं लिहायची: उद्या काय झाकलं जाणार, त्यासाठी काय माल यायचा, कोण माणूस लागणार. उदाहरणार्थ: ‘बी विंग, तिसरा मजला, टॉयलेटचं वॉटरप्रूफिंग झाकणार, म्हणून ४८ तास भरलेलं पाणी सकाळी बघायचं, खालच्या फ्लॅटची किल्ली घेऊन ठेवायची. ब्लॉकच्या दोन गाड्या. प्लंबर दहाला.’ या चिठ्ठीची एक प्रत मुकादमाला द्या, एक साइटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. तोंडी सांगितलेलं साइटवर रात्रभर टिकत नाही.

सकाळी माणसं कामाला लागायच्या आधी अर्धा तास पोचा आणि वरून खाली या. गच्चीपासून सुरुवात केली की उतरताना पाय थकत नाहीत आणि डोकं शाबूत असतं. खिशात पाच मीटरचा टेप, खडू, ओळंबा आणि छोटी वही ठेवा. लेसर लेव्हल आली तरी ओळंबा सोडू नका. त्याची बॅटरी संपत नाही. जे खटकेल तिथेच खडूने खूण करा आणि तारीख टाका. खाली आलात की माणसं जमलेली असतात. पाच मिनिटं उभ्या उभ्या बोला: आज कुठे काम, कुठे धोका, कुठे जायचं नाही. भाषणाची हौस इथे फेडू नका.

माल येतो तेव्हा मात्र थांबून बघायचं, कारण गाडी रिकामी झाली की तोही झाकला जातो. सळईचं वजन काट्यावर झालेलं असेल, तरी प्रत्येक लॉटमधली एक सळई मोजा. व्यासाचा वर्ग भागिले १६२ केलं की दर मीटरचं वजन किलोत मिळतं. १२ मि.मी.ची १२ मीटर लांब सळई साधारण १०.६५ किलो भरायला हवी. या जाडीला भारतीय मानक लॉटमागे ५ टक्क्यांपर्यंत कमी-जास्त चालवून घेतं. त्याहून हलकी निघाली तर पावतीवर सही करू नका. क्रश सँड ब्रासमध्ये येते. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट. हौद्याची लांबी-रुंदी तुम्हाला पाठ होईल, उंची मात्र दर वेळी मध्यभागी आणि चारही कोपऱ्यांत काठी घालून मोजा. कोपरे कमी भरायची कला या भागात चांगली अवगत आहे. सिमेंटच्या गोणी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर, दहाच्या वर थर न लावता ठेवा, आणि आधी आलेली आधी वापरा.

स्लॅबचा दिवस

सगळ्यात मोठं झाकण म्हणजे स्लॅब. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझ्या पाहण्यातल्या बहुतेक चुका याच्या आदल्या दिवशी टाळता आल्या असत्या.

समुद्र आपल्याला किती जवळ आहे हे वसईत राहणारा माणूस विसरतो. सळई विसरत नाही. साध्या आणि सळईच्या काँक्रीटसाठीचं भारतीय मानक ४५६ किनारपट्टीच्या हवेत उघड्या राहणाऱ्या काँक्रीटला ‘तीव्र’ वर्गात टाकतं. त्याला किमान एम ३० ग्रेड, घनमीटरला किमान ३२० किलो सिमेंट, पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५ च्या आत आणि सळईवर ४५ मि.मी. कव्हर सांगतं. खाऱ्या हवेपासून आडोशाला असलेल्या काँक्रीटला ‘मध्यम’ वर्ग लागू होतो, त्याला ३० मि.मी. कव्हर. कुठल्या भागाला कोणता वर्ग लावायचा हे स्ट्रक्चरल कन्सल्टंट ठरवतो. ड्रॉइंगवरचा आकडा शटरमध्ये उतरवणं हे आपलं काम. या शहरातल्या कुठल्याही पंचवीस वर्षं जुन्या सोसायटीच्या बाल्कनीखाली उभं राहून वर बघा. गंजलेली सळई बाहेर आलेली दिसेल, आणि तिच्यावर किती पातळ काँक्रीट होतं तेही दिसेल.

म्हणून आदल्या दुपारी कव्हर ब्लॉक मोजा. खडीचा तुकडा, टाइलचा तुकडा, लाकडाची चिपळी हे कव्हर ब्लॉक नव्हेत. काढून फेकून द्यायला लावा. वरची जाळी ज्या खुर्च्यांवर उभी आहे त्या दर मीटरला तरी आहेत का ते पाय देऊन बघा. जाळी दबली तर खुर्च्या कमी आहेत. बाल्कनीकडे दोनदा जा. तिथे मुख्य सळई वरच्या बाजूला असते, आणि काँक्रीट भरताना नेमकी तीच माणसांच्या पायांखाली दबून खाली जाते. खाली गेलेली सळई तिथे जवळजवळ नसल्यासारखीच. चालायला फळ्या टाका आणि भराई चालू असताना एक फिटर केवळ दबलेली सळई उचलण्यासाठी ठेवा. खाली एक सुतार टेकूंवर नजर ठेवायला ठेवा. ठेकेदार म्हणेल, ‘‘दोन माणसं नुसती उभी?’’ हो, नुसती उभी.

पाइपांचे स्लीव्ह, पंख्याचे बॉक्स, जिन्याचे डॉवेल, स्लॅबची लेव्हल हे सगळं संध्याकाळी सहापर्यंत संपवा. टेप धरून फोटो काढा. कन्सल्टंटचा माणूस सळई तपासायला येणार असेल तर त्याला सकाळी भराईच्या वेळी बोलावू नका. पंप लागलेला असताना कुणीही ‘थांबा’ म्हणत नाही. तपासणीच्या कागदावर सही झाली नसेल तर प्लांटला फोन करायचा नाही, हा नियम एकदा मोडलात की कायमचा मोडला.

भराईच्या दिवशी तुमचा सगळ्यात मोठा शत्रू महामार्गावरची वाहतूक. प्लांटमध्ये मिक्सर भरल्यापासून दोन तासांत गाडी रिकामी व्हायला हवी. चलनावर भरल्याची वेळ लिहिलेली असते, ती दर गाडीला वाचा. सातिवली-पेल्हारकडे किंवा वर्सोवा पुलाकडे कोंडी झाली की दोन तास बघता बघता जातात, आणि मग ड्रायव्हर मिक्सरमध्ये पाणी मारून माल पातळ करतो. हिशेब करून बघा. ६ घनमीटरच्या गाडीत पंधरा लिटरच्या चारच बादल्या गेल्या, तर घनमीटरला १० लिटर पाणी वाढलं. ३२० किलो सिमेंटला ०.४५ चं प्रमाण ०.४८ वर गेलं. मानकाची मर्यादा चार बादल्यांत संपली. तेव्हा पहिली गाडी पहाटेच्या मोकळ्या रस्त्याने मागवा, दोन गाड्यांतलं अंतर तुमच्या पंपाच्या वेगावर ठरवा, आणि मिक्सरच्या पाण्याच्या पाइपाशी एक विश्वासू माणूस उभा करा. स्लम्प प्रत्येक गाडीचा बघा. मागवलेल्यापेक्षा फार पातळ असेल तर गाडी परत पाठवा. पहिल्यांदा परत पाठवताना हात कापतील. दुसऱ्या वेळी प्लांटवाला स्वतःच काळजी घेतो.

क्यूब किती भरायचे यावरून कायम गोंधळ दिसतो. मानकाप्रमाणे ५ घनमीटरपर्यंत १ नमुना, १५ पर्यंत २, ३० पर्यंत ३, ५० पर्यंत ४, आणि त्यापुढे दर ५० घनमीटरला किंवा त्याच्या भागाला आणखी १. एका नमुन्याचे ३ क्यूब. म्हणजे ५५ घनमीटरच्या स्लॅबला ५ नमुने, १५ क्यूब. सात दिवसांना फोडायचे ते वेगळे. नमुने वेगवेगळ्या गाड्यांचे घ्या. सगळे क्यूब पहिल्या, चांगल्या गाडीतून भरायची युक्ती सगळ्यांना माहीत आहे, आणि तिने तुमचीच फसवणूक होते. आपल्याकडे दहा-बारा दिवसांना एक स्लॅब चढतो. २८ दिवसांचा निकाल हातात येतो तेव्हा त्या स्लॅबच्या डोक्यावर आणखी दोन स्लॅब बसलेले असतात. त्यामुळे क्यूबवर विसंबून राहायची सोय नाही. जे बघायचं ते ताज्या मालावरच.

लाइट जाईल हे धरूनच पेट्रोलवर चालणारा एक व्हायब्रेटर तयार ठेवा. भराई संपली की कॉलमवर ठळक रंगाने तारीख लिहा. हे लहान काम सेंट्रिंग खोलायच्या वेळी उपयोगी पडतं, कारण पाचव्या दिवशी मुकादम येणारच: ‘‘साहेब, प्लेटा दुसऱ्या विंगला लागतायत, खोलू का?’’ मानकाने दिलेले साध्या सिमेंटचे किमान दिवस पाठ असू द्या. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबचे टेकू ७ दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याचे १४. बीमचे टेकू ६ मीटरपर्यंत १४ दिवस, पुढे २१. मिश्र सिमेंट असेल तर कन्सल्टंटला विचारून दिवस वाढवा. तारीख कॉलमवर लिहिलेली असली की वाद घालायला मुकादमही येत नाही.

खारं पाणी, गोडं पाणी, पावसाचं पाणी

सूर्या, उसगाव आणि पेल्हारच्या धरणांतून येणारं पाणी या शहराला प्यायलाच पुरत नाही. साइट चालते टँकरवर आणि बोअरवर. पश्चिमेकडच्या बोअरचं पाणी किती खारं आहे हे जिभेला कळतं, पण जीभ क्लोराइड मोजत नाही. सळईच्या काँक्रीटसाठी पाण्यात लिटरला ५०० मि.ग्रॅ. पेक्षा जास्त क्लोराइड चालत नाही. सळई नसलेल्या काँक्रीटला २,००० पर्यंत चालतं. टँकरवाला एकदा दाखवतो तो अहवाल एका विहिरीचा असतो, आणि उन्हाळ्यात ती आटली की तो दुसरीकडून भरतो. तुम्हाला कुणी कळवत नाही. म्हणून टँकर कुठून भरला ते रोज विचारून लिहा, आणि जागा बदलली की बाटली भरून प्रयोगशाळेत पाठवा. मानकाचा आग्रह काँक्रीट कालवायच्या पाण्याइतकाच ते भिजवायच्या पाण्याबद्दलही आहे. क्युअरिंगला ‘कसलंही पाणी चालतं’ ही समजूत इथे जागोजागी आहे आणि ती चुकीची आहे. क्युअरिंग साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, मिश्र सिमेंटला किमान १०. या कामाला नेमलेला माणूस दुपारी दुसऱ्या कामाला ओढला जातो, म्हणून जेवणानंतर स्लॅबला हात लावून बघायची सवय ठेवा.

पावसाळ्याबद्दल बाहेरून आलेल्या इंजिनिअरला सांगावं लागतं की इथे पाऊस एकटा येत नाही, सोबत भरती येते. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याच्या रुळांवर पाणी साचून लोकल बंद पडल्या होत्या, तेव्हा बेसमेंटचे खड्डे तळी झाले होते. नायगाव-वसईच्या खाडीलगत, मिठागरांच्या बाजूला खोदाई असेल तर भरतीच्या वेळा भिंतीवर लावा. खाडीकाठच्या माणसांचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला ३, अष्टमीला ६, द्वादशीला ९. हिशेब ढोबळ आहे, पण पंपाचं डिझेल कधी लागणार हे कळायला पुरतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाशी जोराच्या पावसाची गाठ पडली तर पंप पाणी ओढेल, पण ते टाकायचं कुठे? नाल्यालाही तेव्हा उतार नसतो. म्हणून खोदाई आणि जोत्याखालची कामं मेअखेर संपतील असं वेळापत्रक लावायचा हट्ट धरा. नाहीच संपली तर खड्ड्याच्या कडा उतरत्या ठेवा, दीड मीटरहून खोल असेल तर आधार द्या, आणि काढलेली माती काठावर रचू नका.

सुरक्षिततेचा विषय निघालाच आहे तर सांगतो, इथे माझा नियम उलटा होतो. जे उघडं राहिलं आहे ते बघायचं: लिफ्टचा खड्डा, डक्ट, स्लॅबची कड, जिन्याचा रिकामा भाग, वायरचं तुटलेलं टोक. यातलं एकही उद्यावर टाकू नका. लिफ्टच्या तोंडाला आडवी सळई वेल्ड करायला अर्धा तास लागतो.

डायरी, ड्रॉइंग आणि मोजमाप

माझ्या तिसऱ्या वर्षी एका साइटवर मी एक कॉलम चुकीच्या जागी उभा केला. बंगल्याच्या खांबासारखा सुबक, ओळंब्यात, गुण्यात होता. फक्त सव्वाशे मि.मी. सरकलेला. ड्रॉइंगची सुधारित प्रत आदल्या आठवड्यात ऑफिसमधून आली होती, ती स्टोअरच्या टेबलावर चहाच्या ग्लासाखाली पडली होती, आणि फिटरच्या हातात जुनीच होती. दोन दिवस ब्रेकर चालला. कॉलम फुटण्याचा आवाज मला अजून झोपेत येतो. तेव्हापासून नवी प्रत आली की मी स्वतः साइटवर फिरून जुनी प्रत हातातून काढून घेतो, तिच्यावर लाल पेनाने ‘रद्द’ लिहितो आणि ज्याला नवी दिली त्याची सही घेतो. ड्रॉइंग व्हॉट्सॲपवर येतं तेव्हा तर हे जास्त जपायला हवं. फोनमध्ये चारही आवृत्त्या असतात आणि सगळ्यात वर असेल ती खरी मानली जाते.

डायरी रोज लिहा, आणि साइट सोडण्याआधी लिहा. लोकलमध्ये लिहू म्हणणाऱ्याची डायरी आठवड्याने एकदम लिहिली जाते, आणि ती वाचताना कळतं. हवा, हजेरी धंद्याप्रमाणे, काय झाकलं आणि ते कुणी बघितलं, किती माल आला, काम का थांबलं, कुणी काय तोंडी सांगितलं, एवढं पुरे. एक पान. ‘सर्व कामे प्रगतीपथावर’ हे वाक्य लिहू नका, त्यातून कुणालाही काही कळत नाही. रेरा कायद्याने ताबा दिल्यापासून पाच वर्षं बांधकामातला दोष बिल्डरने विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा आहे. तीन वर्षांनी चौथ्या मजल्यावर ओल आली की तुमची जुनी डायरीच शोधली जाते. प्लास्टरआधी भिंतींचे फोटो काढून फ्लॅट नंबरप्रमाणे ठेवलेत तर पाइप कुठून गेला हे शोधायला भिंत फोडावी लागत नाही.

ठेकेदाराच्या बिलाची मोजमापंही याच न्यायाने. खोदाईची लेव्हल, पीसीसीची जाडी, सळईचं वजन हे झाकायच्या आधी ठेकेदाराच्या माणसासोबत मोजा आणि दोघांच्या सह्या घ्या. पंधरवड्याच्या बिलाला रात्री अकरापर्यंत भांडणारे लोक मी बघितले आहेत. ज्यांनी रोज दहा मिनिटं मोजमाप केलं ते सातच्या लोकलने घरी गेले. प्लास्टर, ब्लॉकचं काम, शटरिंग नंतरही मोजता येतं, त्याची घाई नाही.

माणसं

साइटवर हिंदीत काम चालतं. गवंडी एका राज्यातला, फिटर दुसऱ्यातला, सुतार तिसऱ्यातला. त्यांना नावाने हाक मारा. वयाने मोठ्या मिस्त्रीला ‘मिस्त्रीजी’ म्हटलं तर तुमची पदवी कमी होत नाही, आणि ड्रॉइंगमधली गडबड तो तुम्हाला आधी सांगतो. चार जणांसमोर त्याला बोललात तर तोच मिस्त्री उद्या चूक दिसूनही गप्प बसेल. मुकादमाशी मात्र सगळं लेखी ठेवा. त्याचा धंदा शब्दांवर चालतो, आणि तो तुमच्यापेक्षा तयार असतो.

हजेरीचं मस्टर नीट ठेवण्याला आणखी एक कारण आहे. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करायला १८ ते ६० वयाच्या कामगाराला वर्षात किमान ९० दिवस बांधकामाचं काम केल्याचा दाखला लागतो. मस्टर अर्धवट असेल तर तो दाखला देता येत नाही, आणि त्याच्या मुलांची शिष्यवृत्ती तुमच्या आळसात अडकते. सही करायला कुणी आला तर ‘उद्या ये’ म्हणू नका. उद्या तो कदाचित दुसऱ्या साइटवर असेल.

तुम्ही स्वतःही एक दिवस दुसऱ्या साइटवर जाल. निघायच्या आठवड्यात नव्या इंजिनिअरला सगळी इमारत गच्चीपासून खाली पायी फिरवा आणि काय कुठे झाकलं गेलं आहे ते जागेवर उभं राहून सांगा. मला कुणी फिरवलं नव्हतं. आणि दोन नंबरच्या जिन्याचं मधलं लँडिंग दाखवायला विसरू नका, तिथे बीम खाली आहे. हेल्मेट नसेल तर डोकं आपटतंच.